अयोध्येच्या खळ्याचा मार्का

औशाच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोत्यांवर मार्का मारणारे चार जण हाईत, पण लातूरच्या वखारीत दुरून वळखू येतो तो भागवतचाच. आठवी शिकलेला माणूस! डब्याचा पत्रा कापायचा, पोत्यावर धरायचा, काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा. पत्रा धरायला धाकटी बहीण अयोध्या. पुढं ती विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झाली, पर हात तोच.

नांदेडात नोकरी करून राहिली अन् रिकाम्या वेळात 'खळं'च्या मागं लागली. खळं म्हंजे कॉम्प्युटर चालवायची आख्खी सिस्टीम, फुकट. कुणीबी घ्यावी, कुणीबी उघडून बदलावी. करणारे गावोगावचे अकरा जण, पगार कुणालाच न्हाई. सिस्टीमचं चिन्ह काढायचं काम अयोध्येकडं आलं. तिनं मळणीचं खळं काढलं, एक गोल अन् मधी खांबाचा ठिपका. गोल दोन जागी तुटक ठेवला, पत्र्याच्या मार्क्यात ठेवतात तसे दोन जोड.

टीमच्या म्होरक्या, पुण्याच्या साक्षीताई, त्यांना ते अर्धवट वाटलं. त्यांनी गोल बंद केला, सोनेरी झाक दिली अन् कळवलं, "रविवारी मत घेऊ. तुझं की हे."

रविवारी अयोध्या औशाला घरीच होती. भागवतनं मोबाईलमधलं ते सोनेरी चिन्ह बघितलं अन् भडकला. "जोड कुणी बुजवले गं?"

"दादा, छन्नी घे. कॅमेऱ्यापुढं काप."

मोबाईलवर मीटिंग सुरू झाली. भागवतनं पत्र्यात बंद गोल कापला. शेवटचा घाव बसला अन् मधला तुकडा ठिपक्यासकट ठणकन फरशीवर.

"घ्या! पडलं तुमचं खळं!" भागवत म्हनला. तिकडं कुणीतरी फसकन हसलं.

"अहो दादा, हे स्क्रीनवर असणार आहे," साक्षीताई म्हणाल्या. "पोत्यावर कोण छापतंय?"

अयोध्या पुढं सरकली. "ताई, शाळेच्या भिंतीवर कोण छापणार? तुमच्याकडं छापखाना हाय, शिरूर अनंतपाळसारख्या गावातल्या पोरीकडं डब्याचा पत्रा हाय. सिस्टीम तिनं बदलावी म्हणता, अन् चिन्ह तिला काढताच येऊ नये? स्क्रीनचंच म्हणता तर तुमचं सोनं खालच्या पट्टीतल्या चिन्हाएवढं बारीक करून बघा."

सगळ्यांनी केलं. हळदीचा डाग दिसला. अयोध्येचं खळं मात्र तेवढ्यातबी खळंच.

साक्षीताईंनी आपलं सोनेरी चिन्ह बंद केलं. "बरं, जोड ठेवू. पण नाजूक करू या का?"

"नाजूक केले की दहाव्या पोत्याला पत्रा वाकतो. एक सूतबी कमी होणार न्हाई. नसंल पटत तर चिन्ह काढा, माझं नावबी काढा."

भागवतची छाती फुगली. मतं झाली. अयोध्येच्या चिन्हाला सात हात वर आले. सातवा साक्षीताईंचा.

जेवायच्या आधीच अयोध्येनं चिन्हाच्या नियमाचं पान लिहून धाडलं. रंग एकच, काळा. जोड बुजवू नयेत. कुणाला विचारायची गरज नाही, पत्रा घ्या अन् कापा.