यारीवरचा नबीलाल

भूमच्या शिवारात विहीर खोदायची म्हणजे निम्मी झुंज दगडाशी, निम्मी मरणाशी. तळाला सुरुंग भरायचे, वातींना बत्ती द्यायची, टोपल्यात बसून दोर हलवायचा. मग वर यारीवर, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रावर, बसलेल्या यारीवाल्यानं इंजिनाचा दांडा ओढून माणूस बाहेर काढायचा. त्या वेळी बाकीचे सगळे लांब बांधाआड. विहिरीवर यारीवाला एकटाच.

बहात्तरच्या दुष्काळात नबीलालचा धाकटा भाऊ आयुब असाच खाली होता आणि यारीवर होता बिरदेव. बत्ती लागली तसा बिरदेव भिऊन पळाला आणि आयुब सुरुंगासंगं तळालाच गेला. पंचनाम्यात अपघात लिहिला. मुकादम म्हणाला, पोराची वेळ भरली होती. कसली वेळ अन् काय, माणूस पळाला होता! आई नसीमबी रडत नबीलालला एवढंच म्हणाली, "त्याचा न्याय अल्ला करील. तू हात घालू नको."

पुढं काही वर्षांनी पुन्हा पावसानं दडी मारली आणि सोसायटीच्या विहिरीचं काम निघालं. नबीलाल यारीवर लागला. बत्तीला आला बिरदेव. मुकादम दुसरा यारीवाला द्यायला तयार होता, तर बिरदेव म्हणाला, "न्हाय, नबीलालच असू द्या." लोक म्हणाले, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

रोज दोर हलला की नबीलालला तळाला आयुबच दिसायचा, तोंड वर करून उभा. मन म्हणायचं, एकदा ओढू नको, कोण बघतंय? खरंच कोणी बघत नव्हतं.

एका दुपारी दोर हलला आणि नबीलालनं दांडा ओढला नाही. दोर पुन्हा हलला. त्यानं वाकून बघितलं. बिरदेव टोपल्यात बसून वर बघत होता. ओरडला नाही, हात जोडले नाहीत. नबीलालनं दांडा खेचला. दोघं बांधाआड पडले तोच जमीन हादरली.

"उशीर केलास," बिरदेव धूळ झटकत म्हणाला. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही.

उलट गावोगाव सांगत सुटला, "नबीलाल यारीवर असला की डोळे मिटून उतरा." नबीलालचं नाव पार कळंबपर्यंत झालं. बायका आपले नवरे त्याच्या हवाली करायच्या. "मामू, तुमच्या हातात हाय," म्हणायच्या. तो मान खाली घालून दांडा पुसत बसायचा. बिरदेव उपकार फेडत होता का त्या उशिराचा सूड उगवत होता, हे त्याला मरेपर्यंत उमगलं नाही, आणि विचारायची छातीही झाली नाही.