आप्पांच्या गाडीचं लेबर

आता माझं शहाणपण माझ्याच तोंडानं काय सांगू तुम्हाला! निपाणीत माझं मोटरसायकलचं गॅरेज आहे. गाडीचा नुसता आवाज ऐकून इंजिनकामाचं लेबर, म्हणजे मजुरी, किती होईल ते मी सांगतो. पन्नास रुपयांचा फरक पडत नाही. पण माणसाच्या मनातलं? तिथं आमचा प्लग कायम शॉर्ट!

गेल्या वर्षी मामाला घेऊन संकेश्वरला मुलगी बघायला गेलतो. मुलगी बेळगावात नोकरीला. फोटो बघूनच मी अर्धा विरघळलेलो. काही करून हे स्थळ जमवायचंच, असं ठरवूनच किक मारली होती.

आम्ही पोचलो, तेवढ्यात मुलीचे वडील, आप्पा, आपल्या जुन्या गाडीवरून आले. अंगणभर निळा धूर! मी मनात म्हटलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवायलाच लागणार.

मुलीनं चहा दिला आणि ती समोर बसली. आप्पांनी घसा खाकरला. "पावणं, इंजिन पुरं उतरवून काम करायचं म्हंजे लेबर किती घेतासा?"

झालं! गाडी करून घ्यायचीय, पण पाहुण्याला सरळ कसं सांगणार? मी घेतो अडीच हजार. म्हटलं, "आठशे."

"आठशेच?" आप्पांचा चेहरा पडला.

जास्त वाटले की काय? "पाचशेत बी करतो की!"

मामानं कोपर मारलं. मला वाटलं, शाबासकी!

"अशी कामं म्हयन्याला किती येत्यात?"

म्हणजे यांच्या गाडीला मला वेळ आहे का, हेच ना? "कुठली ओ कामं, आप्पा! दिवसभर रिकामाच बसतोय."

"हाताखाली माणसं?"

नवख्यानं गाडीला हात लावलेला नको असणार. माझ्याकडचे दोन चांगले कारागीर मी एका झटक्यात पुसून टाकले. "कुणीबी न्हाय. एकटाच."

"गिऱ्हाईक पैसं तरी येळेवर देत्यात न्हवं?"

बिचारे! उधारी मागायलाही लाजत होते. मला अगदी भरून आलं. "दिलं तर घ्यायचं, न्हाय दिलं तर मी इचारत बी न्हाय!"

स्वयंपाकघराच्या दारात मुलीची आई शिऱ्याच्या बशा घेऊन उभी होती. ती तशीच मागं फिरली. मुलीनं माझ्याकडं एकदाच बघितलं. दवाखान्यात पेशंटकडं बघतात तसं!

बाहेर येताच मामा कडाडला, "अरं येड्या, ते तुझी कमाई इचारत हुतं! पोरगी द्यायची का न्हाय ते बघत हुतं!"

आता परत आत जाऊन काय सांगायचं? वर खोटारडाही ठरलो असतो. खरं सांगतो, लई वाईट वाटलं.

आठ दिवसांनी आप्पांचा फोन.

"पोरगं लई गुणाचं हाय," आप्पा म्हणाले, "पर निस्त्या गुणावर चूल पेटत न्हाय." आणि लगेच, "गाडी मातूर उद्या लावून देतो. पाचशेच म्हणालता न्हवं?"

केली. आणि तीही झकास केली, हा दुसरा गाढवपणा! आप्पांनी गावभर सांगितलं. आता संकेश्वराहून महिन्याला चार-पाच इंजिनं पाचशेच्या भावानं येतात. येणाऱ्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरात लग्नाची मुलगी असतेच. मी चहा पाजून हळूच विषय काढतो, तर हातावर पाचशे टेकवत म्हणतात,

"ह्यात तुमचं तरी भागतंय का, पावणं?"