लाहाचं जेवण

तळोद्याला आम्हा शिक्षकांना दिवसभर सभागृहात बसवलं होतं. विषय: वाढती सामाजिक विषमता, कारणं आणि उपाय. वक्ते बाहेरगावचे. पडद्यावर आलेख चढत होते, उतरत होते आणि मी खुर्चीत नुसती धुमसत होते. जेवणाच्या सुट्टीत शेजारची बाई म्हणाली, "काय वं, इतली काबर तापेल शे? पहिले जेवी ले." तापू नको तर काय करू! कारणही मला माहीत होतं आणि उपायही. दोन्ही मी वैशाखात माझ्या काकीच्या अंगणात पाहिले होते.

काकी धडगावच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आमच्या पाड्यावर राहते. काका गेले, मुलगा आणि सून सुरतेकडे बांधकामावर. वैशाखातल्या वादळानं तिच्या घराचं आढं मोडलं, कौलांचा चुरा झाला. पाऊस तोंडावर होता. काकी घाबरली नाही. तिनं लाहाचा सांगावा धाडला.

लाह म्हणजे काय ते सांगते. आम्हा पावरा आदिवासींत घर एकट्यानं उभं करायचं नसतं. सांगावा गेला की पाडा येतो. कोणी बांबू आणतो, कोणी भिंतींचे कुड विणतो, बायका शेणमाती लावतात. मजुरी नाही. घरधनी जेवू घालतो. जो जेवला त्यानं हात लावायचा आणि ज्याच्याकडे लाह झाला त्यानं उद्या दुसऱ्याच्या लाहाला जायचं. संपला कायदा.

उन्हाळ्याची सुट्टी होतीच, मी वर गेले. काकीनं अख्ख्या पाड्याला पुरेल एवढा भात आणि उडदाची डाळ रांधली होती. आले कोण? चार म्हातारे आणि आम्ही बायका. धडधाकट पोरं तिच्या मुलासारखीच सुरतेकडे. आणि सडकेवरचे?

सडकेवरचे म्हणजे आमचेच. एक मास्तर, एक पोलीस, एक कचेरीतला कारकून, असे पाच-सहा जण. नोकऱ्या लागल्या तसे ते पाडा सोडून खाली सडकेला गेले, स्लॅबची घरं बांधली. बांधू देत की! पण कचेरीत जाऊन मराठीत दोन शब्द सुनावणारी तोंडं होती तीच खाली गेली. हा मास्तर वर राहायचा तेव्हा त्याच्या आईला झऱ्यावरून पाणी आणावं लागायचं, म्हणून नळासाठी अर्ज घेऊन वणवण फिरायचा. मग तो सडकेला गेला. नळही सडकेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. याला कोणता आलेख हवा?

मास्तर आला, पण मोटारसायकलवर. उतरलासुद्धा नाही. नोटांची घडी काकीच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "काकी, आम्हा सगळ्यांकडून आहेत. दोन मजूर लाव. आम्हाला वेळ कुठे?" आणि गेला भुर्रकन. अरे, तू शिकायला बाहेर होतास तेव्हा तुझ्या बापाच्या घराचा कुड याच बाईनं सारवला! खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी पुष्कळ पाहिलेत. हे वासे मोजायलाही आले नाहीत.

काकी नोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हातांची परतफेड करायला मला हात आहेत. हे मी कशानं फेडू? हे घेतलं की मी यांची मिंधी झाले, जन्माची." तिला घराची एवढी धास्ती नव्हती, जेवढी याची होती.

"भात वाया जाईल," ती म्हणाली.

"कसा जातो बघते," मी म्हटलं. दोघी बायकांच्या मदतीनं भात-डाळीची पातेली उचलली आणि आम्ही तडक सडकेवर मास्तरच्या ओट्यावर जाऊन थडकलो. तो खुर्चीत मोबाइल बघत होता. मी सागाचं पान त्याच्यापुढं मांडलं, भात वाढला, डाळ ओतली.

"जेव."

"अगं, माझं जेवण झालंय."

"लाहाचं आहे."

त्याचा चेहरा उतरला. जेवलं तर जावं लागणार, आणि लाहाचं अन्न नाकारणार कसं? तेवढ्यात त्याची आई दारातून बाहेर आली. कमरेत वाकलेली. पानासमोर बसली, जेवली, हात धुतला, पदर खोचला आणि डोंगराकडे चालायला लागली.

"आई, कुठे निघालीस?"

"जेवले की रे."

मग मात्र मास्तर उठला. मागोमाग कारकून आला, पोलीसही आला. बाकीच्यांची दारं बंदच राहिली, आतून टीव्हीचा आवाज येत होता. घाला काशी!

पण आढं चढलं. सांजेपर्यंत कौलंही निम्मी बसली. मास्तरनं पाणी मागितलं, काकीनं झऱ्याचं पाणी दिलं. तांब्या तोंडाला लावता लावता तो विचारतो, "वर नळ अजून नाही आला?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हाकेच्या अंतरावर राहतो हा! पण मी जीभ आवरली आणि बरंच झालं, दुसऱ्याच आठवड्यात तो पुन्हा अर्ज घेऊन कचेरीत गेला. तो वर आला नसता तर त्याला तहान लागली नसती. उपाय एवढाच आहे हो, पुण्यामुंबईला विचारायला नको.

निघताना काकीनं नोटांची घडी त्याच्या खिशात परत कोंबली. तो हसून म्हणाला, "दिवाळीनंतर मी वरचा मजला काढतोय, काकी."

"सांगावा धाड," काकी म्हणाली. "मी येईन."

त्यानं तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"जिना आहे ना? बसत बसत चढेन."

परवा मी वर गेले होते. दिवाळी होऊन गेली. मास्तरचा मजला चढलाय, वर गुलाबी रंग. ठेकेदार शहरातला, मजूरही तिकडचेच. काकीच्या दारात तिची माती वाहायची पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. शेजारी शेणमाती कालवायचं जुनं घमेलं, घासून लख्ख केलेलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सांगावा आलाच नाही गं. मी एवढी गरीब झाले का, की माझ्या हातचं घेणंही कुणाला नको?"