अजगराच्या पेटीवरचं ओलं गोणपाट

मुलगी शिकायला परदेशी गेली आणि पुण्यात पाळलेला तिचा अजगर आमच्या जुन्या जालन्यातल्या घरी आला. तीन फुटांचा, परदेशी जातीचा, बिनविषारी. घाबरला की अंगाची गुंडाळी करून डोकं आत लपवायचा. सोबत नोंदणीचे कागद, काचेची पेटी, तिच्याखाली ठेवायची विजेची गरम चटई आणि तिनं हातानं लिहिलेली सूचनांची वही.

मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. साप कायम लांबूनच पाहिलेला. बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "त्या खोलीत मी पाय ठेवणार न्हाई."

हिवाळा बरा गेला. पेटीचं एक टोक उबदार, दुसरं गार. त्याला हवं तसा तो इकडून तिकडे सरकायचा. मीही दोन्ही टोकांच्या तापमानाचे आणि आर्द्रतेचे काटे पाहून वहीत लिहून ठेवू लागलो. एप्रिलमध्ये मात्र चटई बंद करूनही गार टोक तापायला लागलं आणि हवा कागदासारखी कोरडी झाली. मी दिवसातून सहा-सात वेळा फवाऱ्यानं पाणी मारायचो. वरची हवा तासाभरात पुन्हा कोरडी व्हायची, पण तळाचा नारळाचा भुसा चिंब राहायचा. त्या ओलीनं अजगराचं पोट लाल झालं. डोळे दुधाळ झाले, कात टाकायची वेळ आली, आणि कात निघाली ती तुकड्यातुकड्यांनी. डाव्या डोळ्यावरचा पापुद्रा तसाच चिकटून राहिला.

मी मुलीला फोन लावला.

"बाबा, तो पापुद्रा चिमट्यानं ओढू नका, डोळ्याला इजा होईल. पुढच्या कातीसोबत निघेल. फक्त हवा दमट ठेवा."

"सकाळपासून पाणीच मारून राह्यलोय गं."

ती म्हणाली, "पुण्यात मला एवढं कधी करावं लागलं नाही, बाबा."

जनावरांच्या डॉक्टरांनी पोटाला मलम दिलं. हवेचं काय करायचं ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

त्याच आठवड्यात बायकोची थोरली बहीण रेशमाचे कोष विकायला बाजारात आली होती. तीर्थपुरीकडे तिचं रेशीमकिड्यांचं शेड आहे. चहा पिता पिता माझं रडगाणं तिनं ऐकलं आणि सरळ खोलीत गेली. पेटीचं झाकण सरकवून भुसा बोटांत चुरून पाहिला.

"पाव्हणं, ह्याच्या अंगाखाली पाणी कशाला टाकता? अळ्यांच्या शेडात आम्ही हवेला ओल देतो, बिछान्याला न्हाई."

मग कामाला लागली. भिजलेला भुसा काढून कोरडा घातला. जाळीच्या झाकणाचा अर्धा भाग ओल्या गोणपाटानं झाकला, अर्धा वाऱ्याला मोकळा ठेवला. पेटी उन्हानं तापणाऱ्या भिंतीपासून लांब सरकवली. फुटक्या माठाचा तळ पाण्यात भिजवून गार टोकाला पालथा ठेवला. अजगर बराच वेळ त्याकडे पाहत राहिला, मग त्याखाली शिरला.

"आमच्या अळ्यांना कात टाकताना कोरडं लागतं, ह्याला ओलं लागतं म्हणता," ती म्हणाली. "पण एक बराबर सारखं आहे. कातीवर बसलेल्या जिवाला हात लावायचा न्हाई, खायला घालायचं न्हाई. तुम्ही लई उचकटून राह्यले त्याला."

खरं होतं. काळजीपोटी मी दर तासाला झाकण उघडत होतो.

दुसऱ्या दिवसापासून गोणपाट भिजवायचं काम बायकोनं आपणहून घेतलं. "अक्कानं सांगितलंय म्हणून," एवढंच म्हणाली. मी माठ बघायचो, ती गोणपाट. आर्द्रतेचा काटा साठाच्या आसपास टिकू लागला. पोटाची लाली ओसरली आणि कात अडकल्यापासून काहीच न खाणाऱ्या त्यानं तिसऱ्या आठवड्यात भक्ष्य घेतलं.

जूनमध्ये पुन्हा डोळे दुधाळ झाले. आम्ही झाकण उघडलं नाही. एका सकाळी माठाशेजारी अख्खी कात पडलेली दिसली, पायमोज्यासारखी उलटी निघालेली. तोंडाकडच्या भागावर डोळ्यांच्या दोन गोल चकत्या होत्या आणि डाव्या चकतीवर मागचा जुना पापुद्राही आला होता. अजगराचे दोन्ही डोळे काळेभोर, स्वच्छ.

मी अक्काला फोन केला. तिचे उपकार मानायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "जेवला का तो?"

"अजून न्हाई."

"मंग दोन दिवस थांबा, मागंल तो," ती म्हणाली. अळ्यांना तुतीचा पाला टाकायची वेळ झाली होती, म्हणून तिनं फोन ठेवला.