समजा, दोन काटकोन

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखे जमतात. कितीही झटका, दुसऱ्या दिवशी पुन्हा थर! आमच्या येडशीच्या शाळेतले निम्मे किस्से गणिताच्या बिराजदार सरांचे. सर अप्रत्यक्ष सिद्धता शिकवायचे. जे सिद्ध करायचंय त्याच्या उलट खरं समजा आणि चालत राहा. कुठंतरी आपटलात, की झालं सिद्ध!

हीच पद्धत ते डब्यालाही लावत. "समजा, माझी शेंगाचटणी कुणी खाल्ली न्हाय. मग ती डब्यात पाहिजे. डबा तर मोकळा! म्हणजे गृहीतच चूक." मी गुपचूप हात धुवायला उठले.

*

एका पोरानं तापाचं सांगून दांडी मारली. सर म्हणाले, "समजा, तुला ताप व्हता. मग काल संध्याकाळी रामलिंगच्या देवळापाशी माकडांना फुटाणे कोण चारत व्हतं?"

पोरगा म्हणाला, "पन सर, तुमी एकलेच तिथं काय करत व्हता?"

सरांनी हजेरीपट उघडला.

*

सरांची बायको, आमच्या वहिनी, उमरग्याला शिक्षिका. एकत्र राहायचं तर एकानं दुसऱ्याच्या गावी बदली मागायला हवी. त्यावरून दिवाळीत दोघांचं वाजलं आणि जाणंयेणंच बंद झालं. तिनं आधी यावं असं सरांना, यांनी आधी यावं असं वहिनींना! धाराशिवमार्गे उमरग्याकडं जाणारी एसटी दिसली की सर खिडकीशी. बघून माझाच जीव तुटायचा.

एकदा म्हणाले, "समजा मॅडम, तिला माझी आठवण येत न्हाय..."

"मग?"

"पुढं जाववत न्हाय."

*

मग तो नववीचा तास. मी डस्टर मागायला गेले होते, ती दारातच थांबले. सरांनी फळ्यावर पाया काढला, दोन्ही टोकांना काटकोन. "समजा, त्रिकोणात दोन काटकोन हायेत. मग या दोन्ही बाजू सरळ वर जाणार. कितीबी वाढवा, भेटणार न्हाईत. त्रिकोण होणारच न्हाय."

एवढं बोलून सर फळ्याकडं बघतच राहिले.

मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, मग एकीला जरा आत वाकवा की!"

*

शनिवारी शाळा सुटली आणि सर थेट स्टँडवर! पुढचं त्यांनीच सोमवारी सांगितलं. वाटेत नळदुर्गात गाडी थांबली. शेजारी उमरग्याहून आलेली गाडी लागली आणि तिच्यातून पिशवी घेऊन वहिनी उतरल्या.

"कुठं निघालात?" वहिनींनी विचारलं.

"उमरग्याला. तू?"

"येडशीला."

"मग हो सर?" मला दम धरवेना.

"मग काय मॅडम, दोन्ही गाड्या निघून गेल्या."