पालेमावशीनं मागितलेलं अंगडं

पालेमावशी कुणाचं लेकरू बघायला आली की आधी लेकराला हात लावायची नाही, आधी त्याच्या आईचा पदर हुंगायची. पदराला आंबूस वास आला की तिचं निदान तिथंच व्हायचं. मग लेकराला मांडीवर पालथं घालून ढुंगणावरचं लालभडक पुरळ ती सगळ्या घराला दाखवायची आणि सासूसमोर सुनेला ऐकवायची, "पोराला रोग न्हाई गं, तुला आळस हाय. वली दुपटी वाळवत न्हाईस." हे माझ्याही वाट्याला आलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि मी मनातल्या मनात मावशीला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमचं गाव मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं, केजहून सकाळी बैलगाडीनं निघालं तर पोचायला दुपार व्हायची. दवाखाना कसा असतो ते गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. मावशी मारुतीच्या गुरवाची विधवा. देवाला पानं पुरवायची, लग्नकार्याला पत्रावळी लावायच्या, हे नवऱ्याचं काम त्याच्यामागं तीच करायची. ओच्यात कायम कसला ना कसला पाला असायचा, म्हणून ती पालेमावशी. तिचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही. गावातल्या लेकरांच्या कातडीवर जे काही उठेल ते आधी तिला दाखवायचं, असं ठरूनच गेलेलं होतं. घामोळ्यांवर थंड मातीचा लेप, खरजेला करंजाचं तेल, गळ्याच्या वळीत चिघळलं तर गोवरीची राख फडक्यातून चाळून. बरीच लेकरं बरी व्हायची. काही तिच्या औषधानं, काही आपली आपणच. मावशी मात्र सगळ्यांचंच श्रेय घ्यायची आणि वर त्यांच्या आयांना बोलायची.

एकाच गोष्टीपुढं तिची जीभ थांबायची. तापलेल्या लेकराच्या कपाळावर बोट दाबलं आणि कातडीखाली मोहरीसारखे बारीक दाणे लागले, की ती उठून उभी राहायची, डोक्यावरचा पदर नीट करायची आणि हळूच म्हणायची, "आई आल्या." देवीच्या रोगाला तेव्हा रोग म्हणायची सोय नव्हती. देवीच अंगात आलेली असायची. त्या घडीपासून घरात फोडणी बंद, वेणीफणी बंद, पाहुणा बंद, दाराला लिंबाचे डहाळे. आणि आजारी लेकराशी देवी समजून बोलायचं. दीड वर्षाच्या पोराला हात जोडून म्हणायचं, "आई, पाणी घ्या." औषध काहीच द्यायचं नाही, कारण देवीला औषध देणारे आपण कोण? पोरानं अंग खाजवू नये म्हणून मावशी दिवसभर त्याच्यापाशी बसून लिंबाच्या कोवळ्या पाल्यानं त्याला कुरवाळत राहायची.

मावशीचं म्हणावं असं जगात एकच माणूस उरलं होतं, तिची नात चिमी. मुलगी बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं लग्न केलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. चिमी गुबगुबीत, पाय फाकवून चालणारी, पाल्याच्या पाटीत बसून पानं फाडत राहायची. एरवी गावभर आयांना रागावणारी मावशी तिला चकार शब्द बोलायची नाही. तिच्याबाबतीत तिचा एक नेम होता. देवी आलेल्या घरी गेली की स्वतःच्या घरात पाऊल टाकायची नाही. चिमीला शेजारच्या तेलिणीकडं सोडायची. काम संपलं की नदीवर डोक्यावरून अंघोळ करायची, लुगडं बदलायची, अंगाला उदाचा धूर घ्यायची आणि मगच नातीला उचलायची. बाया हसायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडं हे येकच हाय गं. दुसरं मागाया जागा न्हाई."

सरकारातून वर्षाकाठी देवी टोचणारे मुन्शीजी यायचे, तट्टावर बसून, एक शिपाई घेऊन. ते ओढ्यापाशी दिसले की गावातली सगळी लेकरं गायब व्हायची. कुणाचं ज्वारीत, कुणाचं कडब्याच्या गंजीमागं. कुणाला कुठं लपवायचं हे सांगण्यात पालेमावशीच पुढं असायची, आणि चिमीला तर ती पत्रावळींच्या ढिगामागं बसवायची. आई आपल्या मनानं येते, सुईनं बोलावली तर रुसते, असं ती सांगायची आणि आम्हाला ते पटायचं. मुन्शीजी चावडीवर पाणी पिऊन, दोन-चार माणसांशी हुज्जत घालून निघून जायचे. स्वभावानं गरीब माणूस होता. गावानं त्याला फार छळलं.

त्या साली शिमग्यानंतर देवी आली. आधी नदीपलीकडच्या वाडीत, मग आमच्या कुंभारवाड्यात, आणि एक दिवस माझ्या दत्तूला ताप चढला. मावशीनं त्याच्या कपाळावर बोट दाबलं आणि उठून उभी राहिली. मला पुढचं ऐकावं लागलं नाही.

ती आमच्याच घरी राहिली. दत्तूचं अंग असं भरून आलं की बोट ठेवायला जागा नव्हती. डोळे चिकटले. तोंडात फोड आले तशी त्याला पिता येईना, मी कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध सोडायची आणि तेही तो बाहेर काढायचा. घरात जो वास होता तो अजून मला मध्येच येतो. त्याच्या अंगात माझ्या आईनं वडलांच्या जुन्या धोतराचं शिवलेलं अंगडं होतं. ते पाठीला चिकटलं. काढायला गेले तर अंगड्याबरोबर कातडी येऊ लागली. मावशीनं माझा हात धरला, ते तसंच राहू दिलं आणि वरून पाण्याचे थेंब सोडत बसली. मी रडले की मला उठवून बाहेर पाठवायची. आईसमोर रडायचं नाही, असा तिचा दंडक होता.

त्या सगळ्या दिवसांत तिनं चिमीला जवळ घेतलं नाही. तेलीण संध्याकाळी गल्लीच्या टोकाला येऊन चिमीला उंच धरायची. मावशी आमच्या दारात उभी राहून लांबूनच बघायची. चिमी हात पसरायची, रडायची. मावशी हातही हलवायची नाही, आत निघून यायची आणि पुन्हा पाला हातात घ्यायची. माझ्या लेकरासाठी कुणी इतकं केलं नाही, आम्ही आईबापांनीसुद्धा नाही. हे मी आज उघड सांगते.

दत्तू वाचला. खपल्या धरल्या, पडल्या. एका डोळ्यात फूल राहिलं, तोंडावर वण राहिले, पण पोरगं हाताला लागलं. मावशीनं लिंबाच्या पाण्यानं त्याला पहिली अंघोळ घातली, दहीभाताचा नैवेद्य वेशीबाहेर ठेवला आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. कधी कुणाकडं काही न मागणारी बाई त्या दिवशी म्हणाली, "पोरी, दत्तूचं अंगडं दे मला. माझ्या चिमीला."

आमच्याकडं तशी रीतच होती. ज्या अंगड्यात देवी आली आणि लेकरू न नेता परत गेली, ते अंगडं दुसऱ्या लेकराला घालायचं. मग देवी ते ओळखते आणि त्या लेकराच्या वाटेला जात नाही. ज्यांची मुलं जगत नसत त्या बाया असं अंगडं पायी पायी जाऊन आणायच्या. मात्र ते धुवायचं नाही. धुतलं की आईचा हात निघून जातो. सासूबाईंनी ते नव्या सुपात ठेवून, वर हळदकुंकू वाहून मावशीला दिलं. सूप मीच तिच्या हातात ठेवलं, आणि माझ्याकडं तिला द्यायला काहीतरी आहे याचा मला केवढा आनंद झाला होता!

मावशी नेहमीसारखी आधी नदीवर गेली. डोक्यावरून न्हाली, लुगडं बदललं, उदाचा धूर घेतला. मग घरी येऊन तिनं आपल्या हातानं ते अंगडं चिमीला घातलं. चिमीला ते मोठं होत होतं, गुडघ्याच्याही खाली येत होतं. इतक्या दिवसांनी आजी भेटली म्हणून ती तिला चिकटून बसली होती. मावशी मला म्हणाली की आता तिला घोर उरला नाही.

पंधरवडा उलटला असेल-नसेल, चिमी तापली.

मी दत्तूला सासूबाईंकडं ठेवून गेले. तिच्या अंगावर आले ते फोड दत्तूसारखे नव्हते. काळे पडलेले, आतल्या आत रक्त धरलेले. गावातल्या जुन्या बाया दारातून बघून परत फिरत होत्या. मावशी सगळं रीतीनं करत होती. पाला फिरवत होती, हात जोडून "आई, पाणी घ्या" म्हणत होती. शेवटच्या दिवशी दुपारी चिमीचे डोळे फिरले. तेव्हा मावशीनं हातातला पाला टाकला आणि देवीबिवी सगळं विसरून तिला हाक मारली, "चिमे, माझ्याकडं बघ गं. चिमे." चिमीनं बघितलं नाही. संध्याकाळच्या आत गावातली माणसं तिला ओढ्याकाठी पुरून आली.

बाया समजूत घालायला यायच्या. आईला पसंत पडली म्हणून नेली, म्हणायच्या. मावशी ऐकून घ्यायची आणि येईल तिला एकच विचारायची, "म्या जपलं हुतं का न्हाई?" सगळ्या म्हणायच्या, हो गं बाई, तुझ्याइतकं कुणी जपलं नाही. तरी ती पुढच्या बाईला तेच विचारायची.

पावसाळा सरल्यावर मुन्शीजी आले. लेकरं पळाली. मी मात्र दत्तूचा डोळा दाखवायला चावडीवर गेले होते, तर मावशी तिथं आधीच जाऊन बसलेली. तिनं मुन्शीजींना सुरुवातीपासून सगळं सांगितलं: कशी लांब राहिली, कशी नदीवर न्हायची, लुगडं कसं बदलायची. तो माणूस मान हलवत ऐकत होता. मग त्यानं विचारलं की आजारी घरातून काही वस्तू घरी आली होती का. मावशी म्हणाली, काही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, अंगडं.

मुन्शीजी खाली बघत बसले. त्यांना बोलायचं नव्हतं, पण ती उठेना. शेवटी म्हणाले, "अम्मा, वो कपडा जलाना था. बीमारी उसमेंच रहती."

मावशीला त्यांची बोली चांगली येत होती. तरी तिनं माझ्याकडं वळून विचारलं, काय म्हणतात ते. मग तीच म्हणाली, "म्हंजी म्याच घातलं तिच्या अंगात."

घरी येताना मी तिला म्हटलं, मावशी, तो परका माणूस, त्याला आपल्या देवीचं काय कळतं, चिमीला देवीनंच नेलं. मला स्वतःला ते खरं वाटत होतं का, कोण जाणे. मला ते खरं व्हायला हवं होतं, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. मावशी चालता चालता थांबली. "देवीनं नेली म्हनलं की मला झोप लागंल," ती म्हणाली. "मला तसली झोप नको."

त्यानंतर ती मुन्शीजींच्या पुढं पुढं चालायची. लपायच्या जागा सगळ्या तिनंच दाखवलेल्या, त्यामुळं तिच्यापासून एकही लेकरू लपत नसे. गंजीमागून ओढून आणायची, रडणाऱ्या पोराचा दंड धरून बसायची. कुणाकडं देवी येऊन गेली की दारात जाऊन लेकराचे कपडे मागायची आणि गावाबाहेर नेऊन जाळायची. जित्या लेकराचं अंगडं जाळायचं म्हणजे केवढा अपशकुन! बायांनी तिला काय नाही म्हटलं? स्वतःची नात खाल्ली आणि आता आमच्यावर उठली, इथपर्यंत बोलल्या. एकीनं अंगावर शेणाचं पाणी ओतलं. मावशी तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "शिव्या मला दे, आन अंगडं बी मला दे." पुढं पुढं साध्या घामोळ्यांनाही तिला कुणी बोलावेना. पत्रावळीचं कामही शेजारच्या गावच्या गुरवाकडं गेलं. मी भाकरी पाठवायची आणि सासूबाई पाहून न पाहिल्यासारखं करायच्या.

माझ्या मनात वेगळीच भीती होती. ती दत्तूकडं कशी बघेल? माझा पोरगा दारात खेळतोय आणि तिची नात ओढ्याकाठी निजलीय. ती येताना दिसली की मी दत्तूला आत न्यायची. तिच्या ते लक्षात आलं. एक दिवस सरळ आत येऊन बसली. "आता कावून लपवतीस त्याला?" म्हणाली आणि त्याला मांडीवर ओढलं. त्याच्या तोंडावरून, त्या वणांवरून हात फिरवत राहिली. मग त्याच्या डोक्यात खवडे झालेले दिसले तशी मला पहिल्यासारखं फाडफाड बोलली. मी चुलीकडं तोंड करून पोटभर रडून घेतलं.

दत्तू मोठा झाला तसा तोच तिला भाकरी नेऊन द्यायचा. तिच्या शेवटच्या दुखण्यात तिचं सगळं त्यानं केलं. इतर कुणी फिरकलं नाही. एकदा त्याला पाण्याला पाठवून तिनं मला जवळ बोलावलं. "अंगड्याचं त्याला सांगू नको," म्हणाली. "लेकराला वाटंल, आपुन दुसऱ्याच्या वाट्याचं जगतोय." मी मान हलवली. तिला तेवढ्यानं पुरेना, तिनं माझ्याकडून तसं बोलून घेतलं. दोन दिवसांनी ती गेली आणि तिला अग्नी दत्तूनं दिला.

माझे वडील गावठी शाळेचे पंतोजी होते, म्हणून मला एवढं लिहिता येतं. दत्तूला अक्षरांचं कायम वावडं, तेव्हा तो हे वाचायची भीती नाही. आता त्याला नातवंडं आहेत. परवा त्यातल्या एकाला टोचायला नेऊन आणलं, तेव्हा ओसरीवर बसून त्यानं मला विचारलं, "आई, मावशीची नात देवीत गेली ना? मग मी कसा वाचलो गं?"

मी म्हटलं, "तुला मावशीनं वाचवलं."

तेही खरंच आहे.