फूटपट्टीच्या छातीतली मधली खोली

दुकानात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. अंगानं ती तशी मुळीच नव्हती, चांगली भरलेली होती. पण तिची टीप अशी सरळ पडायची की मास्तर पडदा उजेडाला धरून म्हणायचे, "हिच्या टिपेवरून मुंगी चालली तर तिला वळण म्हणजे काय ते कळायचंच नाही." मास्तर म्हणजे दुकानात कापड कापणारे. कात्री चालू असली की त्यांची जीभ चालायची, आणि कात्री थांबली तरी चालायची.

दुकान तिच्या नणंदेचं. वन्सं नवऱ्याहून मोठ्या, त्यामुळे घरात काय नि दुकानात काय, शब्द त्यांचाच. पडदे, चादरी, गाद्यांच्या खोळी असं लांब टिपांचं काम त्यांच्याकडे यायचं. खिडकीजवळचं मशीन फूटपट्टीचं, कारण तिथे उजेड सगळ्यात चांगला. आणि दुकानाचा एक नियम होता, वन्संनीच घातलेला: ज्याची टीप चुकली त्यानंच ती उसवायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. "दुसऱ्यानं उसवलं की माणूस शिकत नाही," असं त्या म्हणत. आपण उभ्या जन्मात दुसऱ्याची टीप उसवलेली नाही, हे त्या नव्या गिऱ्हाईकालासुद्धा ऐकवत. गिऱ्हाईक बिचारं मापं द्यायला आलेलं असायचं.

अशा दुकानात फूटपट्टीची टीप वाकडी पडायला लागली.

आणि गंमत अशी, की सकाळी पडायची नाही. सकाळी ती बसली की टीप नेहमीसारखी दोरी ताणल्यागत. दुपार कलली की डाव्या डोळ्याची पापणी खाली यायची, एका सुईच्या दोन सुया व्हायच्या, आणि कापड पुढे सरकवणारे हात जड व्हायचे. थोडं टेकलं की पुन्हा बरं वाटायचं. तिनं चष्मा करून घेतला. त्याचा उपयोग एवढाच झाला, की दोन सुया आता दोन्ही स्वच्छ दिसायला लागल्या.

वन्संना यात आळसाशिवाय काही दिसेना. त्यांनी एक लांब पडदा तिच्या पुढ्यात टाकला. वरचा भाग सरळ, खालचा साप गेल्यासारखा.

"हे काय आहे?"

"पडदा आहे, वन्सं."

"ते मलाही दिसतंय. सकाळी अंगात येतं आणि संध्याकाळी उतरतं, असलं कसलं काम म्हणायचं? दुपारी दोन घास जास्त खातेस आणि मग पेंगतेस."

"जास्त कुठलं खाऊ? संध्याकाळी मला चावायला होत नाही."

"मग बोलायला बरं होतं!"

मास्तरांनी तेलाची बुधली उचलली. त्यांनी कात्रीला तेल घातलं. तेल घालायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिला काज-बटणांवर बसवलं. खिडकीजवळच्या मशीनवर एक जुनी चादर टाकून ठेवली. "मी दुसरी बाई बघतेय," वन्सं म्हणाल्या. फूटपट्टीनं बटणांची डबी उघडली आणि म्हणाली, "बघा. पण बसवू नका. मी परत येणार आहे." एवढं बोलतानाही तिचा आवाज शेवटाला नाकात गेला.

तिचा नवरा कुलुपं दुरुस्त करायचा. अबोल माणूस, बायकोशीसुद्धा किल्ल्यांच्या आवाजात जास्त बोलायचा. एके दिवशी जेवताना त्यानं पाहिलं, की ती हनुवटीला खालून हात लावून जबडा वर ढकलतेय आणि घास चावतेय. त्यानं ताट बाजूला सारलं. "उद्या डॉक्टरकडे," म्हणाला. तिनं जाताना तो वाकडा पडदा पिशवीत घातला. का घातला, ते तिलाही सांगता आलं नसतं. चुकलेलं काम दाखवायला न्यायची सवय होती, एवढंच.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी पडदा टेबलावर पसरला आणि बोटानं टीप चाचपत गेल्या. "सुरुवात कुठून केली? आणि हे इथे वाकडं झालं, तेव्हा किती वाजले असतील?" मग तिला छताकडे टक लावून बघायला सांगितलं. फूटपट्टी बघत राहिली, आणि बघता बघता डावी पापणी पडली. बाईंनी बर्फाचा तुकडा फडक्यात गुंडाळून त्या पापणीवर थोडा वेळ धरला. काढला तर पापणी वर.

नवरा एकदम बोलला. "गंजलेल्या कुलपाला मी तेल घालतो. बर्फ कधी घालून बघितला नाही."

रक्त तपासलं, छातीचा फोटो निघाला, मोठ्या गोल मशीनमधला. बाईंनी समजावून सांगितलं. स्नायूंना निरोप पोचतो, पण पुन्हा पुन्हा काम केलं की तो मध्येच अडतो, म्हणून सकाळी माणूस धड आणि संध्याकाळी मोडलेलं. आळस नाही, आजार आहे. आणि तिच्या बाबतीत त्याच्यामागे छातीतली एक ग्रंथी आहे. लहानपणी तिचं काम असतं, मोठं झाल्यावर ती विरघळत जाते. हिची विरघळली नव्हती, उलट तिच्यात गाठ झाली होती.

"म्हणजे काम संपलं तरी खुर्ची सोडत नाही," फूटपट्टी म्हणाली. "ओळखीची वाटते."

"ती काढावी लागेल. छातीचं पुढचं हाड उघडून."

"मग आत काय काय आहे ते आधी सांगा. न बघितलेल्या कापडाला मी कात्री लावू देत नाही."

बाईंनी सांगितलं. दोन बाजूंना दोन फुप्फुसं, आणि त्यांच्या मधोमध एक अरुंद खोली, सामानानं गच्च भरलेली. त्यात काळीज, स्वतःच्या पातळ पिशवीत, जरा डावीकडे कललेलं. त्याच्यातून मोठी रोहिणी वर निघते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि कण्याला लागून खाली जाते. अंगातलं अशुद्ध रक्त परत घेऊन येणाऱ्या जाड शिरा. श्वासाची नळी, ती खाली जाऊन दुभंगते. अन्नाची नळी. काळजाच्या पिशवीच्या दोन्ही कडांनी उतरणाऱ्या दोन बारीक नसा, ज्या छाती नि पोट यांच्यामधल्या पडद्याला हलवतात आणि श्वास चालवतात. आणि सगळ्यात पुढे, हाडाच्या लगेच मागे, ती ग्रंथी.

फूटपट्टीला ऐकून काही कळायचं नाही, हातानं कळायचं. तिनं सकाळच्या चांगल्या वेळात दुकानातल्या चिंध्यांतून ती सगळी खोली शिवली. काळीज एका किरमिजी पडद्याच्या तुकड्याचं, कापूस भरून, वर पातळ अस्तराची पिशवी. रोहिणी लाल, शिरा निळ्या. श्वासाची नळी मिटू नये म्हणून तिला आत कड्या असतात, हे ऐकलं होतं. तिनं पडद्याच्या छोट्या कड्या ओवल्या. अन्नाची नळी मऊ, घास नसला की चपटी. तिला जुना मोजा पुरला. दोन नसांना पांढरा दोरा. ग्रंथीसाठी पिवळं फडकं, पुढून टाचलेलं.

मास्तर बघत होते. "हे कुणाच्या मापाचं?"

"माझ्याच."

"गळा मोठा ठेवा हो. नंतर बोलायला लागतं."

वन्संनी ते हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. "एवढ्या दाटीत माणूस हात घालणार? वेड लागलंय का तुला? छाती फोडून घ्यायची ती काय एका टिपेसाठी? घरी बस. काजं कर. काही कमी पडू देणार नाही मी."

"टिपेसाठी नाही, वन्सं. आज घास अडतोय, उद्या श्वास अडेल, असं बाई म्हणाल्यात. आणि टिपेसाठीपण." मग जरा थांबून, दम घेऊन: "मशीनवरची चादर तेवढी झटकत जा. धूळ बसलीय."

वन्सं आत गेल्या. त्या आत जाऊन काय करत होत्या ते कुणी विचारलं नाही, पण बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि त्यांनी दोष कांद्याला दिला. कांदा दुकानात नव्हताच.

ऑपरेशन करणारे सर्जन उंच, मोजकं बोलणारे. त्यांनी चिंध्यांची छाती उलटी करून बघितली आणि हसले. "अन्नाची नळी तुम्ही पुढे घातलीत. ती श्वासाच्या नळीच्या मागे असते, कण्याला टेकून."

"घास आधी पुढे दिसतो, म्हणून मला वाटलं..." तिनं पिशवीतून उसवायचं हत्यार काढलं आणि तिथेच मोजा उसवून मागे लावला. ज्याची टीप, त्यानंच.

"आणि ही निळी शीर," त्यांनी बोट ठेवलं, "ही आडवी जाते, ग्रंथीच्या अगदी पाठीला. मला सगळ्यात जास्त सांभाळायचंय ते इथे."

"चिकटली असली तर?"

"तर वेळ लागेल. मी घाई करणार नाही."

"आणि ह्या दोन पांढऱ्या नसा?"

"त्यांना धक्का लागू द्यायचा नाही."

"कच्चे टाके घालून आधी बघता येत नाही?"

"नाही."

"म्हणजे कात्री एकदाच." तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "लावा."

ऑपरेशनला वेळ लागला; शीर चिकटलेलीच होती. नवरा बाहेर बाकावर बसला होता, आणि त्याच्या शेजारी वन्सं. चिंध्यांची छाती वन्संच्या मांडीवर. निळ्या शिरेवर अंगठा ठेवून बसल्या होत्या, जणू तो उचलला तर आत काही होईल. सर्जन बाहेर आले आणि "झालं" म्हणाले, तेव्हा कुठे तो अंगठा उठला.

हाड पोलादी तारेनं शिवलं होतं, कातडी दोऱ्यानं. उठून बसता आल्यावर फूटपट्टीनं आरसा मागितला. "सरळ आहे," म्हणाली. "शेवटचा टाका जरा ओढलाय. पण ते उभं राहून शिवत होते, मी बसून शिवते."

आता सगळं एका झटक्यात बरं झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, की गुण यायला महिने लागतील, कदाचित त्याहून जास्त, आणि गोळ्या चालूच राहतील. खिडकीजवळच्या मशीनवर परत बसल्यावर फूटपट्टीला सगळ्यात अवघड गेलं ते थांबायला शिकणं. थोडी टीप, मग विसावा. हात जड व्हायच्या आधी उठायचं. मास्तर ओरडायचे, "उठा! मुंगी दमली!" आणि ती चरफडत उठायची. पण एका सुईच्या दोन व्हायच्या थांबल्या. मग पापणी दुपारभर टिकायला लागली. दुसरी बाई वन्संना काही सापडली नाही; कुणी बघितलीच नव्हती, हा भाग वेगळा.

मग एके दिवशी सकाळी तिनं मोठ्या सभागृहाचा लांब पडदा घेतला आणि मध्ये विसावे घेत घेत दिवे लागेपर्यंत एकच टीप मारली. मास्तरांनी तो उजेडाला धरला. वरून खाली बोट नेलं. सरळ, सरळ, सरळ. अगदी शेवटाला, वीतभर, किंचित लाट.

फूटपट्टीनं उसवायचं हत्यार घ्यायला हात पुढे केला. ते जागेवर नव्हतं.

ते वन्संच्या हातात होतं. त्यांनी पडदा स्वतःच्या मांडीवर ओढला, चष्मा लावला आणि शेवटची वीतभर टीप एकेक टाका करत उसवायला लागल्या. हात सवयीचा नव्हता. दोनदा बोटाला टोचलं. मास्तरांची कात्री थांबली आणि जीभही थांबली, तसं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"वन्सं, माझी टीप आहे ती. मी उद्या सकाळी नीट घालते."

"सकाळी नको. सकाळची तुझी टीप कधी चुकलीच नव्हती." वन्संनी मान वर केली नाही. "उद्या संध्याकाळीच घाल."